पैसे अडकले तर परत मिळण्याची सोय असलेलं क्रेडिट कार्ड कोणतं घ्यावं?

कोथरूडची_बाई:
नमस्कार. मी शाळेत शिकवते. आजवर क्रेडिट कार्ड घेतलं नाही. बाबा म्हणायचे, उसनवारी नको, आणि मलाही ते पटत होतं.

गेल्या जूनमध्ये घराजवळच्या एका जिममध्ये माझे आणि मुलाचे मिळून वर्षाचे २२,००० रुपये एकदम भरले, यूपीआयने. सप्टेंबरात जिमला कुलूप लागलं. मालक फोन उचलत नाही. बँकेत गेले तर म्हणाले, "मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय." त्याच जिममध्ये आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी क्रेडिट कार्डाने पैसे भरले होते. त्यांनी बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराविरुद्धची तक्रार, टाकला आणि दोनेक महिन्यांत उरलेल्या काळाचे पैसे त्यांना परत मिळाले. ट्यूशन घेऊन साठवलेले पैसे होते हो माझे. अजून चुटपुट लागते.

आता कार्ड घ्यायचं ठरवलंय. महिन्याचा खर्च तीस हजारांच्या आसपास. त्यात डीमार्ट, लाईट बिल, मुलाच्या क्लासची फी, ॲक्टिव्हाचं पेट्रोल आणि सात-आठ हजारांची ऑनलाइन खरेदी, तीही बहुतेक ॲमेझॉनवर. मॉलमधल्या स्टॉलवरचा मुलगा विमानतळावरच्या लाउंजचं सांगत होता. मला त्याचा काय उपयोग? खरं संरक्षण कोणत्या कार्डात मिळतं?

सदाशिवपेठी_निवृत्त:
ताई, बँकेत तीस वर्षं काढली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. तुम्ही एकच प्रश्न विचारलाय, पण त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला, पैसे घेतले आणि माल किंवा सेवा दिली नाही. याला उपाय चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत मागवणं. तो व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांच्या नियमांनी चालतो, त्यामुळे कार्ड महाग की फुकट याने फरक पडत नाही. डेबिट कार्डावरही तो मागता येतो, पण तिथे तुमच्या खात्यातली रक्कम आधीच गेलेली असते. फरक पडतो तो कागदांनी. पावती, मेंबरशिपचा फॉर्म, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, कुलूप लागलेल्या दाराचा तारखेसह फोटो, सगळं जपून ठेवायचं. आणि वाट बघत बसायचं नाही. मुदत साधारण १२० दिवसांची असते, पण बँकेला पहिल्या आठवड्यातच कळवलेलं बरं.

दुसरा, तुम्ही न केलेला व्यवहार. रिझर्व्ह बँकेने यासाठीच जुलै २०१७मध्ये नियम घातले. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, कुणी तिसऱ्यानेच डल्ला मारला, तर मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवा, तुमच्यावर एक रुपयाही येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत, तर पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डावर तुमचा भार जास्तीत जास्त १०,००० रुपये. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल द्यायचा. २०१९च्या गणपतीत एक गृहस्थ गावी गेले होते. मेसेज पाहिलाच नाही, माझ्या टेबलाशी आले ते नवव्या कामकाजाच्या दिवशी. सात दिवसांनंतर सगळं बँकेच्या धोरणावर असतं. त्यांचा चेहरा अजून आठवतो. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार ऑनलाइन होते, फी लागत नाही.

आणि ते २२,००० सोडून का देता? ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ला आपल्या पुण्यातच उभी राहिली, आणि आपणच गप्प बसायचं?

हिंजवडी_फेज२:
काकांनी संरक्षणाचं सांगितलंच आहे, मी रिवॉर्डचं सांगतो. ॲमेझॉनवरच खरेदी असेल तर ॲमेझॉन पे आयसीआयसीआय घ्या. वार्षिक फी नाही, प्राइम, म्हणजे ॲमेझॉनची पैसे भरून घेतलेली मेंबरशिप, असेल तर ५ टक्के कॅशबॅक, नसेल तर ३. महिना साडेसात हजार धरले तर प्राइमवर वर्षाला साडेचार हजार सुटतात. खरेदी पाच-सहा ॲपवर विखुरलेली असती, तर मी एसबीआय कॅशबॅक कार्ड म्हटलं असतं. पेट्रोलवर कॅशबॅक धरूच नका. अर्ज करण्याआधी बँकेच्या साइटवर आजचे दर बघा, ते बदलत राहतात.

बिल मात्र पूर्ण भरायचं, ऑटो-डेबिट लावून, म्हणजे ते खात्यातून आपोआप कापलं जातं. मी २०२१मध्ये साठ हजारांच्या बिलावर दोन महिने फक्त 'मिनिमम ड्यू', म्हणजे भरावीच लागणारी किमान रक्कम, भरला. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्यावर जीएसटी, जवळपास पाच हजार गेले. वर्षभराचा कॅशबॅक दोन महिन्यांत संपला.

वाकडकर_ताई:
कार्ड आलं की ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार बंद आहेत ना ते बघा. ऑक्टोबर २०२०पासून नव्या कार्डावर ऑनलाइन, परदेशी आणि टॅप (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं) हे तिन्ही मुळात बंदच येतात. लागेल तेवढंच चालू करा, मर्यादाही घाला. टॅपवर ५,००० पर्यंत पिन लागत नाही, म्हणून मी ते बंदच ठेवते. स्वारगेटला बसमध्ये चढताना पर्स मारली गेली, तेव्हा तेच कामी आलं. उभ्या उभ्या ॲपमधून कार्ड ब्लॉक केलं. ऑनलाइन फसवणूक झाली तर बँकेबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनलाही लगेच फोन करा.

कोथरूडची_बाई:
काका, दोन वर्षांची मुदत असते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी गेलं ते गेलं म्हणून बसले होते. तुमचं वाचून कपाट उपसलं. पावती सापडली, फॉर्म मुलाच्या फायलीत होता, आणि मालकाचा 'पुढच्या आठवड्यात नक्की देतो' हा मेसेज फोनमध्ये आहे. चालेल ना तेवढं? शनिवारी अर्धी शाळा आहे, दुपारी अर्ज लिहायला बसते. कार्ड बिनफीचंच घेतेय, ऑटो-डेबिट पहिल्या दिवशी लावेन.

सदाशिवपेठी_निवृत्त:
चालेल की. यूपीआयने भरलेत त्या महिन्याचं बँक स्टेटमेंटही जोडा, आणि मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना त्याचा नंबर आणि तारीख दिसू द्या.