ज्युरीला नीट सांगितलं नाही म्हणून सुटका?

थेम्सकाठ
“ज्युरीला दोन वाक्यं कमी सांगितली की इंग्लंडात बंदूकवाले सुटतात,” असं वर एकाने ठोकून दिलंय. सुटत नाहीत हो. १९६८ च्या अपील कायद्यात कसोटी एकच: दोषसिद्धी ‘असुरक्षित’, म्हणजे विसंबता येणार नाही अशी, आहे का. नुसती चूक दाखवून भागत नाही. पण आरोप बंदूक कायद्याच्या (फायरआर्म्स ॲक्ट) कलम १६ चा, म्हणजे जीव धोक्यात घालण्याच्या इराद्याने बंदूक बाळगण्याच्या कटाचा असेल (जन्मठेपेपर्यंत शिक्षा), आणि न्यायाधीशांनी इराद्याचा प्रश्न वेगळा काढलाच नाही, तर ज्युरीने नक्की काय ठरवलं? कटाचा करार झाला, एवढंच?

खडूस
कलम अर्धंच वाचलंस. ‘दुसऱ्याला जीव धोक्यात घालता यावा’ हा इरादाही त्यात येतो, म्हणजे विकणाराही अडकतो. शिवाय न्यायाधीश ज्युरीला कायदा समजावतात त्या सूचनांचा मसुदा आधी वकिलांना दाखवतात, प्रश्नांची लेखी यादी ज्युरीच्या हातात देतात. तेव्हा मूग गिळायचे आणि शिक्षा झाली की शब्द मोजायचे!

थेम्सकाठ
विकणारा अडकतो, इरादा सिद्ध झाला तर. ‘गिऱ्हाईक गुंड आहे हे ठाऊक होतं’ एवढ्यावर नाही. ‘वेळ आली तर चालवावी’ हा सशर्त इरादा पुरतो, पण तेही ज्युरीला कुणी सांगायचं? वकील गप्प राहिला तर अपील लंगडं होतं, मरत नाही.

गिरगावकर
ज्युरीचं कौतुक नको. बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीला आठ विरुद्ध एकने सोडलं, म्हणून तर आपण ज्युरी गाडली.

खडूस
ही थाप किती वर्षं चालवणार? ज्युरी गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. नानावटीत सेशन्स जज्जांना कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. हायकोर्टाने चुका काढल्या त्या ज्युरीला दिलेल्या सूचनांतच: अपघाताचा बचाव सिद्ध करायचा भार आरोपीवर आहे, हे सांगितलं नव्हतं. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं.

गिरगावकर
म्हणजे चुकीच्या सूचनेने सुटलेला परत आत गेला. इंग्लंडात हे का नाही चालत?

थेम्सकाठ
तिथे ज्युरीने सोडलं की सूचना चुकली म्हणून परत आत घालत नाहीत. ॲटर्नी जनरल (सरकारचा मुख्य कायदा सल्लागार) कायद्याचा मुद्दा वर नेऊ शकतो, सुटलेल्याला धक्का नाही. आता नानावटी पुरे!

रेघोटी
कुणाला खरंच अपील करायचं असेल तर: मुदत २८ दिवस. नवा वकील घेतलात तर त्याने आधी जुन्या वकिलांकडून हकिगत पडताळावी, नाहीतर कोर्ट कान उपटतं. सूचनेचा शब्दशः उतारा, ती कशी हवी होती तो मजकूर आणि वादाच्या कोणत्या मुद्द्यावर फरक पडला ते लिहा. ‘सूचना अपुरी होती’ या एका ओळीला कुणी विचारत नाही. आणि उगाच रेटलंत, तर तुरुंगात काढलेले काही दिवस शिक्षेत न धरण्याचा आदेश होऊ शकतो.

खडूस
बरं थेम्सकाठ, इराद्याचं दिलं तुला, पेढे वाट. पण खरी फट तू सोडलीस. धाक दाखवायला आणलेली बंदूक कलम १६-अ मध्ये जाते, कमाल १० वर्षं. पुरावा तिकडे बोट दाखवत असताना तो पर्याय ज्युरीपुढे ठेवलाच नाही, तर मी अपिलात पहिला मुद्दा तोच घेईन.