नोटीस बोर्ड काढायचा म्हणे! ज्येष्ठांच्या बातम्या फक्त व्हॉट्सअपवर?

फळेवाली_नेरूळ
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलंय की बागेच्या गेटवरचा ज्येष्ठ नागरिक संघाचा फळा काढून टाका, "सगळं ग्रुपवर येतं, ज्यांना जमत नाही त्यांनी नातवाकडून शिकून घ्यावं". रात्रभर डोक्यात होतं म्हणून लिहितेय. तो फळा गेली सहा वर्षं मी लिहिते. सकाळी दूध घेऊन येताना पिशवी गेटला अडकवायची, ओल्या फडक्याने पुसायचा आणि लिहायचं. रक्तदाब तपासणी कधी, वर्गणी कुठे भरायची, हयातीचा दाखला नोव्हेंबरात, ८० पार असाल तर ऑक्टोबरपासूनच, आणि पोस्टमन घरी येऊनही करून देतो. खाली कोपऱ्यात १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर कायम, तो मी कधीच पुसत नाही. आमच्या तळमजल्यावरच्या आजी ७८ वर्षांच्या, मुलगा दुबईला, फोन बटणांचा. ७० च्या वर कुणालाही आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, हे त्यांनी फळ्यावर वाचलं आणि आधार कार्ड घेऊन माझ्या दारात उभ्या. ग्रुपमध्ये आधी कुणीतरी ॲड करावं लागतं हो. फळ्याला कुणी ॲड करत नाही.

सद्गृहस्थ_मीच
मीच तो. ताई, भावना समजल्या. आता हेही सांगा की गेल्या जुलैत डोळे तपासणी १९ तारखेला होती आणि फळ्यावर ११ दिसत होती, नऊ जण सकाळी आठ वाजता बंद दारासमोर छत्र्या घेऊन उभे होते. त्यात माझी आई. ग्रुपवर तारीख बरोबर होती.

फळेवाली_नेरूळ
पाऊस तिरपा आला, ९ चं पोट पुसलं गेलं, उरला १. चुकलंच. पण वर पत्रा लावून द्या म्हणून मी दोन वर्षं मागे लागलेय, ते कुणाचं काम होतं? ग्रुप ॲडमिनचं ना?

सीवूड्सची_सून
ग्रुपवर तारीख बरोबर असते पण सापडते कुणाला? सासऱ्यांच्या फोनमध्ये सकाळी सातपर्यंत ४०-५० गुलाबाची फुलं, मध्ये एक गणपती, मग मधुमेहावर कारल्याचा रस, आणि त्याच्याखाली कुठेतरी शिबिराची नोटीस. त्यात कुणीतरी "पेन्शन बंद होणार, लगेच केवायसी करा" अशी लिंक टाकली, माणूस ओळखीचा म्हणून यांनी दाबली, ३८ हजार गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावला म्हणून थोडे तरी अडकवता आले. नातवाकडून शिका म्हणे. नातू दहावीत आहे, तो जेवायला खोलीबाहेर येत नाही.

कोपरीचा_बाळ्या
ठाण्यातून बोलतो. फळा काय, ग्रुप काय, मूळ दुखणं वेगळंच आहे. मेल-एक्सप्रेसला ज्येष्ठांची सवलत होती, पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५०. मार्च २०२० मध्ये काढली ती काढलीच, त्यावर एक अक्षर कुणी लिहीत नाही. त्यापेक्षा आपली एसटी बरी, मला ७५ झाली, खोपटच्या एसटी स्टँडवर आधार दाखवतो आणि फुकटात गावाला जातो.

सद्गृहस्थ_मीच
काका, विषय काय, तुम्ही कुठे.

कोपरीचा_बाळ्या
विषय म्हाताऱ्यांचाच आहे ना? मग बोलणारच.

जुईनगरची_मावशी
फळ्याचं राहू द्या. माझा साधा प्रश्न, विरंगुळा केंद्राची चावी कुणाकडे असते? मी तीन वर्षं सभासद आहे, वर्गणी भरते, पावत्या आहेत. दुपारी चारला गेलं की तेच सहा पुरुष, तीच रमी, टीव्हीवर मॅच आणि मधलं टेबल कायम अडलेलं. आम्ही बायका बाहेर कट्ट्यावर, ऊन असो की डास असो. एकदा आत जाऊन बसलो तर सगळे गप्प झाले, जसं काही आम्ही कुणाच्या मयतीला आलोय.

रमीवाला_नव्हे
मावशी, बायकांना कुणी अडवलंय? दार उघडंच असतं. यायचं की.

जुईनगरची_मावशी
दार उघडं असतं, संडासाची कडी तुटलेली असते. एक जण आत गेली की दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. तुमच्या घरी असं चालेल?

रमीवाला_नव्हे
कडीचं मला खरंच माहीत नव्हतं. पण सगळा दोष पत्ते खेळणाऱ्यांवर ढकलू नका. माझी बायको गेल्यावर पहिले आठ महिने मी त्या टेबलामुळे घराबाहेर पडलो.

सीवूड्सची_सून
काका, ते पटलं. पण मावशींची मैत्रीण गेली असती तर त्यांनी कुठल्या टेबलावर यायचं?

सद्गृहस्थ_मीच
अहो पण भजनी मंडळाला आठवड्यातून एक दिवस दिलाय की बायकांना!

जुईनगरची_मावशी
भजन!! मला कॅरम खेळायचाय. ३१ वर्षं बँकेत कॅशला बसले, निवृत्त झाले म्हणून टाळच हातात घ्यायचे असं कुठे लिहिलंय? आणि "दिलाय" म्हणजे काय, तुमच्या वाडवडिलांची जागा आहे का? महापालिकेची आहे.

सद्गृहस्थ_मीच
आवाज खाली. मी फुकटात चार वर्षं सेक्रेटरीची कामं करतोय, लाइट बिलापासून पंख्याच्या रिपेरिंगपर्यंत. इथे बोलणारे मीटिंगला येतात का? मागच्या मीटिंगला अकरा टाळकी होती.

फळेवाली_नेरूळ
कारण मीटिंगची सूचना फक्त ग्रुपवर होती. फळ्यावर लिहायला मला कुणी सांगितलंच नाही.

कोपरीचा_बाळ्या
हा हा हा. घ्या.

सद्गृहस्थ_मीच
ठीक आहे, तो एक मुद्दा मान्य. फळा राहू द्या, वर पत्र्याचं मी बघतो, पण तारीख आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहायची. आणि नोटिसांचा ग्रुप वेगळा करतो, फक्त ॲडमिन लिहिणार, गुलाब बंद. कडी या आठवड्यात बसते. आता तरी खूश?

जुईनगरची_मावशी
खूश कसली, कॅरमचं काय? मंगळवार आणि गुरुवार, चार ते सहा, मधलं टेबल. आणि चावी एक आमच्याकडे.

रमीवाला_नव्हे
गुरुवार घ्या. मंगळवारी आमच्यातले दोघे खास वाशीहून येतात हो.

जुईनगरची_मावशी
मग वाशीहूनच बुधवारी येऊ देत. बस रोज असते. चावीचं बोला. आत्ता कुणाकडे आहे? आज चारला आम्ही पाच जणी येतोय.

सद्गृहस्थ_मीच
चावी खजिनदारांकडे. ते पुण्याला मुलीकडे गेलेत, सोमवारी येतील. तोपर्यंत केंद्र बंद.

सीवूड्सची_सून
अरे देवा, सासरे आत्ताच काठी घेऊन तिकडे निघाले. हे ग्रुपवर टाकलं होतं का?

सद्गृहस्थ_मीच
नाही.

फळेवाली_नेरूळ
मलाही नव्हतं माहीत. खडू घेऊन निघते, त्यांना गेटवरच गाठते.