'सफ्रजेट'ला मराठीत काय म्हणायचं?

कानामात्रा: ब्रिटनमधल्या स्त्री-मताधिकार चळवळीवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. मुळात 'सफ्रजिस्ट' आणि 'सफ्रजेट' असे दोन शब्द आहेत. दोन्हींना 'मताधिकारवादी' चालेल का?

जुनी कात्रणं: नाही चालणार. 'सफ्रजिस्ट' हा जुना, साधा शब्द, पुरुषांनाही लागायचा. 'सफ्रजेट' ही 1906च्या जानेवारीत 'डेली मेल'ने काढलेली खोडी. इंग्रजीत 'एट' हा प्रत्यय छोट्या नाहीतर नकली वस्तूला लागतो: किचनेट म्हणजे टीचभर स्वयंपाकघर, लेदरेट म्हणजे खोटं चामडं. आपण कारकुनाचा 'कारकुंडा' करतो, तसलाच प्रकार. रोख होता एमेलिन पँकहर्स्ट यांच्या डब्ल्यूएसपीयू या बायकांच्या मताधिकार संघटनेवर (स्थापना 1903). त्या बायकांनी शिवीच उचलली आणि 1912मध्ये आपल्या साप्ताहिकाचं नाव 'द सफ्रजेट' ठेवलं.

गोंधळ होतो तो पुढे. काचा फोडणं, तुरुंगातली उपोषणं ही या गटाची. मिलिसेंट फॉसेट यांची एनयूडब्ल्यूएसएस ही दुसरी संघटना, म्हणजे 'सफ्रजिस्ट', सनदशीर मार्गाची, आणि 1914मध्ये तिचे सभासद 50 हजारांच्या वर होते. तरी लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली ती हातोडीवाली बाईच. दोघींना एकच शब्द वापरलात तर तुमचा वाचकही फॉसेटबाईंच्या हातात हातोडी देईल.

तेव्हा 'सफ्रजिस्ट'ला मताधिकारवादी म्हणा. 'सफ्रजेट' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत खुलासा करा.

लिंबलोण: विरोधकांच्या तोंडी असेल तिथे 'मताधिकारवाली' करून बघा. 'स्त्रीमुक्तीवाली'मधली 'वाली' हेच काम करते: विचार बाजूला काढते आणि बाईला भाजीवाली-भांडीवालीच्या रांगेत उभी करते. (यात त्या दोघींचाही अपमान आहेच म्हणा.) 'स्त्रीवादी' म्हणून टोमणा मारायचा तर निदान आवाज बदलावा लागतो, 'वाली'ला तेवढेही कष्ट नाहीत.

कानामात्रा: पटलं. पुढे 1968च्या 'ब्रा-बर्नर'चा उल्लेख आहे. 'चोळ्या जाळणाऱ्या' करू?

जुनी कात्रणं: अवतरणचिन्हांशिवाय नको. 7 सप्टेंबर 1968, अटलांटिक सिटी, मिस अमेरिका स्पर्धेबाहेरची स्त्रीवाद्यांची निदर्शनं. कचऱ्याच्या पिंपात ब्रा, उंच टाचांचे बूट, खोट्या पापण्या टाकल्या. पिंप पेटवलं नव्हतं, असं आयोजक कायम सांगत आल्या. त्या काळात व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात तरुण सैन्यभरतीची कार्डं जाळत होते. एका वृत्तपत्राने या निदर्शनांना त्याची उपमा दिली आणि उपमेचीच घटना झाली. तुम्ही थेट 'जाळणाऱ्या' लिहिलंत की मराठीतही ती पक्की होईल. आणि चोळी नको, ब्राच लिहा. चोळी वरून घालतात.