मदत हवी आहे: पद्मिनीचा ऑईल प्रेशरचा काटा उलटा चालतोय

नमस्कार मंडळी,

वडिलांची प्रीमियर पद्मिनी आम्ही अजून चालती ठेवली आहे. राहतो मुलुंडला. रविवारी पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेसवरून शीवपर्यंत जाऊन यायचं, एवढाच तिचा वापर. डॅशबोर्डवर ऑईल प्रेशरसाठी नुसता लाल दिवा. तो लागतो तेव्हा प्रेशर जवळजवळ संपलेलंच असतं, म्हणून ० ते ५ बारचं काट्याचं मीटर घेतलं. सेंडर, म्हणजे इंजिनावर बसून ऑईलचं प्रेशर मीटरला कळवणारा सुटा भाग, दुकानदाराने दुसऱ्याच डब्यातून काढून दिला, "सगळ्यांना चालतो" म्हणून.

इलेक्ट्रिशियनने दिव्याचा जुना स्विच काढून त्याच जागी सेंडर बसवला. मीटरच्या एका टोकाला इग्निशननंतरचा करंट फ्यूजमधून दिलाय, दुसऱ्याला अर्थ (अर्थिंग), तिसऱ्याला सेंडरची वायर.

आता गंमत नाही, काळजी वाटावी असं चाललंय. चावी फिरवली की इंजिन बंद असतानाच काटा ५ च्या पलीकडे जाऊन टेकतो. सेल्फ मारला की खाली येतो, रेस दिली की आणखी खाली. इंजिन तापून आयडलिंगला आलं की परत वर चढतो.

ऑईल २०डब्ल्यू-५०, पातळी बरोबर, टॅपेटचा आवाज नाही. सेंडरवरची वायर काढली तर काटा वर जातो, तीच वायर इंजिन ब्लॉकला टेकवली, म्हणजे अर्थ केली, तर शून्यावर येतो. इंजिन बंद ठेवून सेंडरचं टोक आणि बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला तर रेझिस्टन्स २४० ओहम. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, ऑईल पंप उघडू या. उघडायचा का? लाल दिवाही आता नाही, त्यामुळे गाडी काढायची हिंमत होत नाही.

उत्तर

पंपाला हात लावू देऊ नका. तुमच्या मापांतच उत्तर आहे.

वायर सुटी केली की वर आणि अर्थ केली की शून्य, म्हणजे मीटर चांगलं आहे, वायरिंगही चांगलं आहे. हे मीटर युरोपियन पद्धतीचं: शून्य प्रेशरला साधारण १० ओहम, पूर्ण प्रेशरला १८० च्या आसपास. तुम्हाला दिलेला सेंडर अमेरिकन पद्धतीचा: शून्याला २४०, पूर्ण प्रेशरला ३३. एकात प्रेशरबरोबर ओहम वाढतात, दुसऱ्यात उतरतात. वायरी अदलाबदल करून हे कधीच जुळणार नाही, सेंडरच बदलायला हवा. घ्यायला जाल तेव्हा मल्टिमीटर सोबत न्या आणि काउंटरवरच मोजा. १० च्या जवळपास दिसलं तरच पैसे द्या.

दिवा मात्र परत लावाच, हे मी आग्रहाने सांगतो. गर्दीत गाडी चालवताना काट्याकडे कोण बघत बसतं? लाल दिवा डोळ्यांत भरतो. टी (इंग्रजी T च्या आकाराचा तीन तोंडांचा जोड) बसवून स्विच आणि सेंडर दोन्ही ठेवता येतात. फक्त ती टी सरळ ब्लॉकवर लटकवू नका. सेंडर जड असतो, इंजिनच्या थरथरीने आट्यापाशी तडा जातो आणि सगळं ऑईल रस्त्यावर. ऑईलला चालणारा जाळीदार होज घेऊन टी बाजूला बॉडीवर क्लॅम्प करा. आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नका, एक टोकाचा (एकाच वायरीचा) सेंडर आणि दिव्याचा स्विच दोघांनाही अर्थ आट्यांतूनच मिळते.

आणि एकदा मेकॅनिकल गेज (वायरीशिवाय थेट ऑईलच्या दाबावर चालणारं मीटर) जोडून प्रेशर प्रत्यक्ष बघून घ्या. तापलेल्या इंजिनला हजार आरपीएममागे दहा पीएसआय (म्हणजे साधारण ०.७ बार), हा गॅरेजचा ढोबळ हिशोब आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार. कुर्ल्याला सीएसटी रोडवर योग्य सेंडर मिळाला, दुकानातच मोजून घेतला. पद्मिनी ज्या कुर्ल्यात बनायची तिथेच तिचा सेंडर मिळाला, याचा वेगळाच आनंद झाला. आता चावी लावली की काटा शून्यावर. थंड इंजिनला ४ च्या आसपास, तापल्यावर आयडलिंगला १ च्या थोडा वर, मेकॅनिकल गेजशी जुळतं. टी होजवर घेतली, दिवाही लागतो-विझतो. एकच शंका: टी आता ब्लॉकवर नाही, म्हणून तिची वेगळी अर्थ जवळच्या बॉडीच्या स्क्रूला दिली तर चालेल ना?

उत्तर

नको, थेट इंजिन ब्लॉकला द्या. जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, रिंग टर्मिनल नीट क्रिंप करा आणि वरून ग्रीस लावा. आपल्या पावसात आणि खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा थर चढला की तेवढ्यानेच मीटर चुकीचं दाखवायला लागतं.