माणसाच्या एका एन्झाइमला माशात दोन जनुकं. खरं जुळणारं कोणतं?

पाणबुडी, सोलापूर: नमस्कार. मी एमएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी माणसाच्या अरोमाटेझ एन्झाइमचा, म्हणजे सीवायपी१९ए१ जनुकाचा, प्रोटीन सिक्वेन्स घेऊन झेब्राफिश या छोट्या माशावर ब्लास्ट (सिक्वेन्स जुळवून साम्याला स्कोअर देणारा प्रोग्राम) चालवला. दोन तगड्या जुळण्या आल्या: सीवायपी१९ए१ए आणि सीवायपी१९ए१बी. मैत्रीण म्हणते, जास्त स्कोअरचं घे, दुसरं सोड. मला ते पटत नाही. खरं कोणतं धरू?

भीमाकाठ: सोडू नकोस गं, दोन्ही खरी आहेत. उत्क्रांती शिकवताना मी हीच जोडी फळ्यावर काढायचो.

टेलिओस्ट, म्हणजे झेब्राफिश-रोहूसह आजचे बहुतेक हाडांचे मासे, यांच्या पूर्वजात ३० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी अख्खा जीनोम दुप्पट झाला. बऱ्याच जादा प्रती पुढे गळाल्या, ही टिकली. आपली वाट त्याआधीच वेगळी झालेली, म्हणून माणसात एकच प्रत, १५व्या क्रोमोसोमवर. झेब्राफिशमध्ये एक १८व्यावर, दुसरी २५व्यावर.

आणि खरी गंमत पुढेच. दोन्ही एन्झाइमं टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेनच बनवतात, पण ‘ए’ मुख्यतः अंडाशयात, ‘बी’ मेंदूत. भावाभावांनी शेत वाटून घ्यावं तसं. माणसात एकच जनुक अंडाशय, मेंदू, चरबी सगळं सांभाळतं, फक्त प्रत्येक ठिकाणी प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, वेगळा. नुसत्या स्कोअरवर गेलीस तर हे तुझ्या प्रोजेक्टमधून निसटेल, आणि मला त्याचं फार वाईट वाटेल.

दोन्ही घेऊन वंशवृक्ष काढ. आपला रोहू घाल, तो झेब्राफिशचा जवळचा नातेवाईक. ‘गार’ (gar) नावाचा मासा तर हवाच, तो दुपटीच्या आधी वेगळा झालाय. शेजारची जनुकंही ताडून बघ.

उजनीवाला: मी पिंजऱ्यात मासे वाढवतो. खाद्यात क जीवनसत्त्व कमी पडलं की पिलांचा कणा वाकतो. माणसालाही ते शरीरात बनवता येत नाही म्हणतात. मग तेही सामायिक जनुकामुळेच का सर?

भीमाकाठ: नाही दादा, तिथे उलटं आहे. ते जीवनसत्त्व बनवायला लागणारं गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेझ या एन्झाइमचं जनुक दोघांनीही गमावलंय, पण वेगवेगळं. स्टर्जन मासा, फुप्फुसमासा, बेडूक, उंदीर यांच्यात ते अजून चालतं. म्हणजे समान पूर्वजाकडे ते होतं. माणसात त्याचे मोडके अवशेष ८व्या क्रोमोसोमवर सापडतात. टेलिओस्ट माशांतून ते पार पुसलं गेलंय. पाणबुडी, जमल्यास हेही ब्लास्ट करून बघ. झेब्राफिशमध्ये काही मिळणार नाही, आणि ते न मिळणंही रिपोर्टमध्ये लिही.