'वैचारिक आराखडा' की 'संकल्पनात्मक चौकट'?

तळटीप: एका प्रबंधाच्या अनुवादात 'थिऑरेटिकल फ्रेमवर्क' आणि 'कन्सेप्च्युअल फ्रेमवर्क' ही शीर्षके लागोपाठ आली आहेत. पहिल्याला 'सैद्धांतिक चौकट' ठरले. दुसऱ्याचा 'वैचारिक आराखडा' तपासनिसांनी खोडला. काय लिहावे?

अनुस्वार: योग्यच खोडला. 'वैचारिक'ला विचारसरणीचा वास येतो, आणि 'आराखडा' म्हटले की 'संशोधन आराखडा' आठवतो, म्हणजे रिसर्च डिझाइन. नमुना कसा निवडायचा, माहिती कधी गोळा करायची, हे तिथले प्रश्न. 'संकल्पनात्मक चौकट' लिहा.

विसर्ग: 'सांकल्पनिक' जास्त शुद्ध.

अनुस्वार: आणि लोक वाचणार 'काल्पनिक'!

विसर्ग: लोक चुकीचे वाचतात म्हणून व्याकरण सोडायचे? शिवाय चौकट म्हणजे मुळात दाराची चार लाकडे. ही चौकट शेवटी चौकोन आणि बाणांच्या आकृतीतच मांडतात ना? त्या आकृतीला 'प्रारूप' म्हणा.

खडूफळा: प्रारूप म्हणजे मॉडेल, ते मागाहून येते. सैद्धांतिक चौकट उसनी घेता येते. उदाहरणार्थ, आरोग्यसेवेच्या वापराबद्दलची अँडरसन यांची १९६८ची मांडणी: पूर्वप्रवृत्ती, सोयीचे घटक, गरज. संकल्पनात्मक चौकट मात्र आपल्या प्रश्नापुरती आपणच बांधायची. पूर्वसाहित्य वाचून झाल्यावर आणि प्रश्नावली करण्याआधी.

समजा, आईचे शिक्षण हा स्वतंत्र चल, म्हणजे ज्याचा परिणाम पाहायचा तो घटक; मुलाचे लसीकरण हा अवलंबी, म्हणजे ज्यावर परिणाम होतो तो. लसींची माहिती दोघांच्या मधल्या वाटेवर बसते. दवाखान्याचे अंतर वाटेवर नसते. त्याचा बाण चौकोनाला नाही, शिक्षणाकडून निघालेल्या बाणालाच लागतो, कारण त्याने शिक्षणाचा परिणाम कमीजास्त होतो. विश्लेषणात तिथे शिक्षण × अंतर असे गुणाकाराचे पद घालावे लागते. बहुतेक आकृत्या इथेच फसतात. दुसरी खोड म्हणजे दिसेल तो घटक चौकोनात कोंबणे. ७ चौकोनांत ४२ बाण शक्य आहेत, आणि काढलेल्या प्रत्येक बाणाला गृहीतक लागते. 'सक्षमीकरण' लिहिलेत तर ते कोणत्या प्रश्नांनी मोजणार तेही सांगा, नाहीतर चौकोन पुसा.

तळटीप: मग मधल्या वाटेवरचा चल, म्हणजे मीडिएटर, 'मध्यस्थ' आणि बाणाला लागणारा, म्हणजे मॉडरेटर, 'नियंत्रक'?

खडूफळा: 'नियंत्रक' नको. कंट्रोल व्हेरिएबलला, म्हणजे विश्लेषणात स्थिर धरलेल्या घटकाला, 'नियंत्रित चल' म्हणतात, गोंधळ होईल. 'नियामक' घ्या.

विसर्ग: 'मध्यस्थ'ही चूक. मध्यस्थ भांडणाबाहेर उभा असतो. हा तर परिणाम वाहून नेतो. 'वाहक चल' म्हणा.

अनुस्वार: 'मध्यस्थ' रुळलाय. वाहक तिकिटे फाडतो.

विसर्ग: रुळलेले सगळे बरोबर असते तर शब्दकोश कशाला हवेत?

तळटीप: शीर्षकाचे काय करू? उद्या प्रकरण द्यायचे आहे.