शब्दचर्चा : संशयित, आरोपी, फरार, बेपत्ता आणि मधल्या मध्ये गळणारे ‘म्हणे’

विचारणा (देवगड, मराठीच्या शिक्षिका)

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी अकरावीच्या एका विद्यार्थिनीने फ्रान्समधील नांत शहरातल्या प्रकरणावर लेख लिहिला आहे. २१ एप्रिल २०११ रोजी तेथील एका घराच्या मागच्या ओट्याखाली पत्नी आणि चार मुले यांचे मृतदेह पुरलेले सापडले. पती त्याआधीच निघून गेलेला होता. दक्षिण फ्रान्समधल्या एका स्वस्त हॉटेलाच्या कॅमेऱ्यात १५ एप्रिलला तो दिसला, ते त्याचे शेवटचे दर्शन. तेव्हापासून तो जिवंत किंवा मृत, कोणत्याही रूपात हाती लागलेला नाही. मुले मोबाइलवर या प्रकरणाविषयी पुष्कळ काही वाचतात, व्हिडिओ पाहतात, आणि मधल्या सुट्टीत हिरिरीने वाद घालतात.

लेख मेहनतीने लिहिलेला आहे. मात्र मथळा ‘फरार खुनी बाप’ असा आहे, आणि पुढे एकाच परिच्छेदात त्याच माणसाला ‘संशयी’, ‘संशयित आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ असे तिन्ही म्हटले आहे. मी खुणा केल्या तेव्हा तिने विचारले, “बाई, वर्तमानपत्रात तर ‘संशयित आरोपी’ असेच छापतात, मग माझे काय चुकले?” तिला नेमके उत्तर द्यावे अशी माझी इच्छा आहे. शिवाय लेखाच्या शेवटी तिला वाचकांकडून ‘कौल’ घ्यायचा आहे : तो जिवंत असेल की नसेल, आणि त्यानेच केले असेल की नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (रत्नागिरी, न्यायालयीन सेवेतून निवृत्त)

बाई, सर्वांत सोपे आधी घेतो. ‘संशयी’ म्हणजे जो संशय घेतो तो, आणि ‘संशयित’ म्हणजे ज्याच्यावर संशय घेतला जातो तो. ‘नवरा संशयी होता’ या वाक्याचा अर्थ तो बायकोवर पाळत ठेवणारा, तिच्या चारित्र्याविषयी मनात किंतु बाळगणारा होता, असाच मराठी माणूस घेईल. आपल्याकडच्या ‘चारित्र्याच्या संशयावरून’ या ठरीव मथळ्यामुळे तो अर्थ अधिकच पक्का झाला आहे. त्यामुळे या ठिकाणी ‘संशयी’ लिहिले की लेखिका नकळत खुनाचे कारणही सांगून मोकळी होते.

‘संशयित आरोपी’ या जोडशब्दाचा उगम माझ्या मते पोलिसांच्या कागदात आहे. प्रथम खबर अहवालाच्या नमुन्यातच ज्ञात, संशयित किंवा अनोळखी आरोपीचा तपशील लिहिण्याचा रकाना असतो. वार्ताहर तो कागद पाहून बातमी करतो आणि रकान्याचे नाव बातमीत उतरते. कागदावर त्याला अर्थ आहे, कारण तेथे आरोपीचे तीन प्रकार वेगळे करायचे असतात. बातमीत मात्र ‘संशयित’ हे ‘आरोपी’चे नुसते शेपूट होऊन बसते, आणि वाचकाच्या डोळ्यांना ‘आरोपी’ एवढाच शब्द दिसतो. लेखात दोहोंपैकी एकच वापरावा. तपास चालू असून ज्याच्यावर रोख आहे तो संशयित; ज्याच्याविरुद्ध रीतसर गुन्हा नोंदवून आरोप ठेवला गेला तो आरोपी; न्यायालयाने ज्याचा दोष शाबीत धरला तो दोषसिद्ध. ‘गुन्हेगार’ हा शब्द या शेवटच्या पायरीच्या आधी येता कामा नये.

‘आरोप’ या शब्दाची घडण या बाबतीत फार प्रामाणिक आहे. रुह् धातूपासून तो आला, आणि त्याचा मूळ अर्थ वर चढवणे, रोवणे, लावणे असा आहे. वृक्षारोपणातले ‘आरोपण’ तेच. म्हणजे आरोप ही माणसावर बाहेरून ठेवलेली गोष्ट आहे, ती त्याच्या अंगची निघेल किंवा न निघेल. ‘संशय’ही तसाच. सम् अधिक शी, दोन बाजूंच्या मध्ये पडून राहणे. न्याय या प्राचीन तर्कदर्शनात संशयाचे ठरलेले उदाहरण ‘स्थाणुर्वा पुरुषो वा’, म्हणजे संधिप्रकाशात समोर उभा आहे तो खांब की माणूस, असे आहे. दोन्ही शक्यता उभ्या आहेत तोवरच तो संशय. एक शक्यता मनाने आधीच खोडून टाकल्यावर जे उरते त्याला आपण सवयीने संशय म्हणत राहतो, पण तो पूर्वग्रह असतो.

पतीच्या बाबतीत हे अधिक काटेकोरपणे पाळावे लागते, कारण घरात मृत्यू झाला की पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो आणि तसा तो विचारला जाणे रास्तही आहे. परंतु प्रश्न विचारण्यापासून दोष शाबीत होण्यापर्यंत ज्या पायऱ्या आहेत, त्यांतली प्रत्येक मराठीत वेगळ्या शब्दाने सांगता येते. पोलिसांनी जबाब नोंदवला, चौकशीसाठी बोलावले, ताब्यात घेतले, अटक केली, न्यायालयाने पोलीस कोठडी दिली, पुढे न्यायालयीन कोठडी झाली, दोषारोपपत्र दाखल झाले, आरोपनिश्चिती झाली. अटक झालेल्याला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. जबाब देऊन घरी परतलेल्याचा त्याच्याशी संबंध नाही. आता मोबाइलवर काय होते ते पाहा. सकाळी ‘पोलिसांनी पतीचाही जबाब घेतला’ असे असते. दुपारी त्यातला ‘ही’ जातो. सायंकाळी ‘पती ताब्यात’ होते, आणि रात्री ‘नवऱ्यानेच केले, कबुली दिली’ असे होते. मधल्या काळात पोलीस ठाण्यात नवे काहीच घडलेले नसते. मजकूर पुढे ढकलणाऱ्याने प्रत्येक वेळी एक पायरी गाळलेली असते. त्या ‘ही’मध्ये केवढा अर्थ होता, हे विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे : इतरांबरोबर त्याचाही जबाब घेतला, एवढाच.

क्रियापदांविषयी एक सांगतो. ‘त्याने मारले’, ‘मारले असावे’, ‘मारले असेल’, ‘मारले असणार’, ‘त्यानेच मारले असले पाहिजे’ ही पाच वाक्ये पाच वजनांची आहेत. १९८२ साली पुण्यात एका विवाहितेचा विषबाधेने मृत्यू झाला होता. पतीला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली त्याची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याची ‘पंचशील’ म्हणून आजही उद्धृत होणारी पाच तत्त्वे त्या निकालात आहेत. गुन्हा ‘असू शकेल’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांतले अंतर मोठे आहे आणि तेच अंधूक तर्काला निश्चित निष्कर्षापासून वेगळे करते, हा पूर्वीच्या एका निकालातला विचार तेथे पुन्हा ठामपणे मांडला गेला. फाशीपर्यंत गेलेला माणूस या अंतरामुळे परत आला. व्याकरणाच्या तासाला ‘असावा’ आणि ‘असणार’ शिकवताना हे उदाहरण द्यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद (मालवण)

भाऊसाहेबांनी कायद्याच्या बाजूने लिहिलेच आहे. मी बोलीच्या बाजूने भर घालतो. ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यांत फरक करण्याची सोय मराठीने वाक्याच्या शेवटी करून ठेवली आहे. ‘नवऱ्यानेच मारले म्हणे.’ आमच्या मालवणीत ‘घोवान मारल्यान खंय’. हा ‘खंय’ एरवी ‘कुठे’ या अर्थाचा, पण वाक्याच्या शेवटी आला की बोलणारा सांगतो : मी ऐकले ते सांगतो, जबाबदारी माझी नाही. ‘मारल्यान असतला’ म्हटले तर तो स्वतःचा अंदाज होतो. आमच्या तिठ्यावरच्या गप्पा कितीही रंगल्या तरी जुनी माणसे हा ‘खंय’ सोडत नाहीत, आणि कोणी सोडला तर दुसरा लगेच विचारतो, “तू बघलंस?”

लिहिताना मात्र ‘म्हणे’ बाळबोध वाटतो, मथळ्यात तर त्याला जागाच नसते, म्हणून तो सर्वांत आधी गळतो. त्याच्या जागी अलीकडे ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ येते. या शब्दांनी ऐकीव गोष्टीची ऐकीवता झाकली जाते. नाइलाज असेल तर ‘असे सांगितले जाते’ लिहावे, आणि कोण सांगतो तेही लिहावे.

‘अफवा’ हा शब्द अरबीतून आला आणि तेथे तो ‘तोंडे’ या अर्थाचे अनेकवचन आहे, हेही या ओघात सांगण्याजोगे. मराठीत त्याच्या जोडीला आवई, भुमका, वदंता आहेत. आवई उठते, भुमका उठतो, पण कंडी पिकवावी लागते. म्हणजे तिच्यामागे कोणीतरी पिकवणारा असतो. या प्रकरणात विद्यार्थी जे वाचतात त्यात दोन्ही प्रकार असतील, त्यांना शब्द वेगळे द्यावेत.

आता कौल. आपल्या किनाऱ्यावर हा शब्द हलका नाही. गुरव देवाच्या मूर्तीला कळे (कौलासाठी चिकटवायच्या कळ्या) लावतो, गाऱ्हाणे घालतो, उजवा कळा पडतो की डावा ते सगळे गावकरी श्वास रोखून पाहतात, आणि मिळालेला कौल मानायचा असतो. निवडणुकीत ‘जनतेचा कौल’ म्हणतात तेथेही तो मानण्यासाठीच असतो. एखाद्या माणसाने पाच खून केले की नाही यावर कौल घेणे म्हणजे, मानायचा निर्णय देण्याचा अधिकार भित्तिपत्रकाच्या वाचकांना देणे. मुलीला तसे म्हणायचे नसेल, पण शब्द तसे म्हणतो. मी तो कौल घेऊ देणार नाही. फार तर ‘वाचकांचे प्रश्न’ मागवावेत.

प्रतिसाद (चिपळूण)

दोघांच्याही मताचा आदर राखून एक आक्षेप नोंदवते. इतक्या जपून लिहायचे ठरवले तर मेलेल्या बाईची आणि मुलांची बाजू कोण मांडणार? घरात बायको मरते, नवरा गप्प बसतो, आणि आपण ‘असावे’ की ‘असणार’ यावर चर्चा करतो. शिवाय लोकांच्या बोलण्यातूनच कधी गुन्हेगार सापडतो. अमेरिकेत १९७१ साली आई, पत्नी आणि तीन मुलांना मारून नाहीसा झालेला माणूस १९८९ साली दूरचित्रवाणीवर त्याचा वृद्ध झालेला चेहरा कसा असेल हे दाखवल्यावर एका प्रेक्षकाच्या ओळखीतून पकडला गेला, हेही सांगायला हवे.

प्रतिसाद (रत्नागिरी)

ताई, आक्षेप महत्त्वाचा आहे. गप्प बसणाऱ्या नवऱ्याविषयी कायदा हतबल नाही. चार भिंतींच्या आत जे घडले ते ज्याला विशेषत्वाने माहीत असणार, त्याने खुलासा द्यावा, हे तत्त्व पुरावा अधिनियमाच्या कलम १०६ मध्ये होते आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे. २००६ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पतीला ठामपणे लावले. मात्र आधी सरकार पक्षाने मूळ वस्तुस्थिती सिद्ध करावी लागते. खुलाशाचा अभाव ही साखळीतली जास्तीची कडी धरली जाते, एकटीच सगळी साखळी होत नाही.

अमेरिकेतल्या उदाहरणात प्रेक्षकाने जे दिले ती माहिती होती. ‘हा माणूस अमुक ठिकाणी राहतो’ एवढेच त्याने कळवले, बाकीचे काम ठसे आणि न्यायालय यांनी केले, आणि १९९० साली दोष शाबीत झाला. माहिती तपासता येते. कयास तपासता येत नाही, तो फक्त पसरतो. नांतच्याच प्रकरणात याचे उलटे उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये पॅरिसहून विमानाने स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे उतरलेल्या एका वृद्धाला तोच समजून अटक झाली. बोटांचे ठसे जुळल्याचे सांगितले गेले, फ्रेंच वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर ‘सापडला’ असे छापले, आणि दुसऱ्याच दिवशी डीएनए तपासणीत तो भलताच माणूस निघाला. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये एका मठात तो दिसल्याच्या खबरीवरून पोलिसांनी झडती घेतली, तेथेही चेहरेपट्टी जुळणारा साधू होता. त्या मृत बाईची आणि मुलांची बाजू यातल्या कोणत्याच बातमीने पुढे गेली नाही.

विचारणा (देवगड)

सर्वांचे आभार. मथळ्यातून ‘खुनी’ काढण्यास ती तयार आहे, पण ‘फरार’ राहू द्यावा असे तिचे म्हणणे आहे, कारण तो पळाला हे तर उघड आहे.

प्रतिसाद (रत्नागिरी)

फरार म्हणजे अटक टाळण्यासाठी पळालेला. त्यात दोन गृहीते आहेत : तो पकडले जाऊ नये म्हणून गेला, आणि तो अजून आहे. त्याच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट निघालेले असल्याने पोलिसांच्या कागदापुरता तो शब्द चालेल. पण तो जिवंत आहे की नाही, हाच जर लेखाचा मुख्य प्रश्न असेल, तर मथळ्यातच ‘फरार’ लिहून लेखिका स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर देऊन बसते. ‘बेपत्ता’ हा शब्द पत्ता नाही एवढेच सांगतो. ‘नांतचे पाच मृत्यू आणि बेपत्ता पती’ असा मथळा करावा. ‘खून’ मात्र मजकुरात निःशंकपणे लिहावा, कारण ते मृत्यू गोळ्या झाडून घडवलेले होते यात वाद नाही. वाद आहे तो कोणी घडवले याविषयी. आपल्याकडे मृत्यूचे कारण कळेपर्यंत ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते, ती अडचण येथे नाही.

लेखात ‘कुटुंबाचा खून’ असा प्रयोग असेल तर तोही पाहावा. आपल्याकडची जुनी माणसे ‘कुटुंब’ म्हणजे पत्नी असा अर्थ घेतात. ‘पत्नी व चार मुले’ असेच लिहावे.

प्रतिसाद (चिपळूण)

भाऊसाहेब, उद्या तो सापडला आणि खटला चालला तर शब्द कसे बदलावेत, तेही सांगून ठेवा. मुले विचारणारच.

प्रतिसाद (रत्नागिरी)

खटला उभा राहिला की आरोपी. दोष शाबीत झाला की दोषसिद्ध, आणि मग हवे तर गुन्हेगार म्हणावे, खुनी म्हणावे, कोणाची हरकत नाही. सुटला तर ‘पुराव्याअभावी सुटला’ हे शब्द न्यायालयाने वापरले असतील तरच लिहावेत. एरवी ‘निर्दोष मुक्तता’ एवढेच लिहावे, आणि अटकेची बातमी ज्या आकाराच्या अक्षरांत छापली होती त्याच आकारात छापावे.